शिट्टीचं रॉकेट

“ही फाटकी आहे. पुढची.”

हरिभाऊंनी मान हलवली, तशी संजीवनीने अकरावी शिट्टी पदराला पुसून टोपलीत ठेवली आणि बारावी तोंडाला लावली. महाशिवरात्र होऊन तीन दिवस झाले होते. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रस्त्यावरची जत्रा ओसरत आली होती. पाळणेवाले नटबोल्ट सोडवत होते, रेवड्यांच्या परातींवर माश्या घोंगावत होत्या आणि शिट्टीवाल्यापुढे ही दोन म्हातारी माणसं तेवढी उभी होती.

“ओ आजी, सगळा माल उष्टा केलात,” शिट्टीवाला वैतागून म्हणाला. “नातवाला पाहिजे ना? मग ही पिपाणी घ्या. मस्त वाजते.”

“नातवाला नको. यांना पाहिजे.”

शिट्टीवाल्याने हरिभाऊंचा काळा चष्मा पाहिला, हातातली पांढरी काठी पाहिली. “काका काय हवालदार होते का?”

“पंपवाला होतो,” हरिभाऊ म्हणाले. “तू मध्ये बोलू नको रे, कानात कचरा जातो. संजीवनी, वाटाणा घातलेल्या बाजूला काढ. वाटाणा अडकतो. पत्र्याची बघ एखादी.”

टोपलीच्या तळाशी पत्र्याची एकच होती, बोटभर लांबीची, गंजाचे दोन ठिपके पडलेली. संजीवनीने ती फुंकली. बारीक, लांब आवाज निघाला. हरिभाऊ ऐकत राहिले. तिचा श्वास संपला तेव्हा कुठे ते बोलले.

“ही. ही सरळ जाते.”

“कुठं जाते?” शिट्टीवाल्याने विचारलं.

हरिभाऊंनी काठी काखेत धरली आणि एक बोट वर केलं. शिट्टीवाल्याने वर पाहिलं. वर काही नव्हतं.

*

त्या शिट्टीची गोष्ट सुरू झाली होती बेचाळीस वर्षांपूर्वी. तेव्हा संजीवनी अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात खोका खात्यात होती. लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या पेटीवर निळा कागद चिकटवायचं तिचं काम. खळ किती पातळ हवी, कागद कोणत्या बाजूने वळतो, अंगठ्याने बुडबुडा कसा कडेला ढकलायचा, हे तिच्या हातांना झोपेतही येत असे. हरिभाऊ बदलापुरात नदीकाठच्या पंपहाउसवर होते. पाणी वर चढवायचं त्यांचं काम. पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि सांगायचे, बेअरिंग दोन दिवसांत जाणार. ते दोन दिवसांतच जायचं.

असंच एकदा बेअरिंग आणायला उल्हासनगर कॅम्प एकमध्ये गेले आणि येताना काखोटीला एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. खोक्यावर निळ्या आभाळात निघालेल्या लाल-पांढऱ्या रॉकेटचं चित्र होतं.

“दुकानदार म्हणाला, ले जा भाऊ, कोई नहीं लेता, सबको लगता है दिवाळी का फटाका है,” हरिभाऊ लहान मुलासारखे सांगत होते. “फटाका नाही हे. वर जातं, छत्री उघडते आणि परत येतं. परत येतं, संजीवनी! पुन्हा उडवायचं.”

आत कागदाची नळी होती, हलक्या लाकडाची टोपी, चार पंखांचे तुकडे, प्लास्टिकची छत्री. आणि एका वेगळ्या डबीत बोटाएवढी तीन नळकांडी. त्यांना हरिभाऊ ‘इंजिन’ म्हणत. पंधरा दिवस ड्यूटीवरून आल्यावर ते रॉकेट जोडत बसले. रविवारी नदीकाठी उडवायचं ठरलं.

शनिवारी दुपारी संजीवनीने पाहिलं, त्यांची दोन वर्षांची किर्ती खाटेखाली बसून त्या नळकांड्यांतलं एक तोंडात घालत होती.

कारखान्यात प्रत्येक खात्याच्या दाराशी वाळूच्या आणि पाण्याच्या लाल बादल्या असत. कामाला लागायच्या पहिल्याच दिवशी सुपरवायझरबाईंनी रांगेत उभं करून सगळ्या पोरींकडून पाठ करून घेतलं होतं: आधी बादली, मग बोलणं. पेट घेईल असं काहीही नको तिथे दिसलं की पहिलं पाण्यात, चौकशी नंतर. संजीवनीने पोरीच्या तोंडातून नळकांडं काढलं आणि दुसरा विचार न करता तिन्ही घरच्या बादलीत बुडवली. वर आलेला बुडबुडा संपेपर्यंत दाबून धरली.

मग तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

तिने ती चिखल झालेली नळकांडी डबीत परत ठेवली. दुसऱ्या पाळीची वेळ झाली होती. किर्तीला शेजारणीकडे सोपवून ती तशीच कारखान्यात गेली. रात्री हरिभाऊंनी उघडी डबी पुढे ठेवली तेव्हा ती म्हणाली, “कौल गळलं. फळीवर पाणी पडलं.”

हरिभाऊंनी वर कौलाकडे पाहिलं. मग रॉकेट खोक्यात ठेवलं, खोक्याला सुतळी बांधली आणि माळ्यावर टाकलं. एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधीच नाही. पुढे चाळ गेली, फ्लॅट आला, कारखाना बंद पडला, किर्ती लग्न होऊन नाशिकला गेली. सुतळीची गाठ तशीच राहिली. रागावले असते, आदळआपट केली असती, तर संजीवनी तेव्हाच खरं सांगून मोकळी झाली असती. न रागावणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं फार जड पडतं.

*

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याचं सांगता येत नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी संजीवनीने स्टूल लावून ते खोकं खाली काढलं आणि खालच्या मजल्यावरच्या भावनाकडे नेलं. भावना शाळेत विज्ञान शिकवायची. प्रदर्शनासाठी अशी रॉकेटं तिने उडवली होती.

भावनाने सुतळी सोडली आणि ती जमिनीवर मांडी घालूनच बसली. “काकू, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? हे आता मिळत नाही. असं जुनं जपणारे लोक आहेत, वेडे होतील हे बघून. उडवू नका प्लीज. काचेच्या कपाटात ठेवा.”

“बेचाळीस वर्षं बंदच होतं. काय उजेड पडला?” संजीवनी म्हणाली. “तू फक्त इंजिन मिळतं का बघ. यांना दिसतंय तोवर उडवायचंय.”

पण इंजिन मिळायला वेळ लागला आणि नजर थांबली नाही. दिवाळीत हरिभाऊंना हाताची बोटं मोजता येत होती. संक्रांतीला उजेड कुठून येतो एवढंच कळत होतं. त्या दिवशी गच्चीवर पतंगांचा गलका चालला होता आणि संजीवनी कोपऱ्यात तोंड फिरवून उभी होती. आता कशासाठी उडवायचं? कोणाला दाखवायचं?

“डावीकडचा कापला जाणार,” हरिभाऊ म्हणाले.

“काय?”

“डावीकडचा पतंग. मांजा गातोय बघ. फार ताणलाय त्याने.”

पाच मिनिटांनी डावीकडचा पतंग खरंच गेला. संजीवनीने हरिभाऊंच्या कानांकडे असं पाहिलं, जणू आजच पहिल्यांदा पाहत होती. त्याच संध्याकाळी ती भावनाच्या दारात उभी राहिली.

“रॉकेटला आवाज बसवता येईल का गं? वर जाताना ऐकू येईल असा?”

भावना हसायला लागली. मग हसायची थांबली.

*

जत्रेतली शिट्टी घरी आली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर कारखाना सुरू झाला. जुन्या नळीची एक बाजू दमटपणाने मऊ पडली होती. संजीवनीने मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घातलं आणि नळीत लाटणं सरकवून वरून पातळ कागद गुंडाळला. कागद निळा होता. दुसरा रंग तिला सुचलाच नाही.

टोपी हरिभाऊंनी हातात घेतली. टोकाला भोक कुठे पाडायचं, शिट्टी आत किती सरकवायची, बाजूची फट किती उघडी ठेवायची, ते फुंकून फुंकून सांगत होते आणि संजीवनी कानस मारत होती.

“अजून एक हात. बास. बास म्हटलं ना! पंप खोलतेस काय?”

“तुम्हीच म्हणालात अजून.”

“एक हात म्हणालो. तू दोन मारलेस. मला ऐकू येतं.”

जुनी छत्री चिकटून तिचा गोळा झाला होता. संजीवनीने आपल्या नारिंगी नायलॉनच्या साडीतून नवी बेतली. नायलॉनची ती साडी फाटतही नव्हती आणि नेसवतही नव्हती. घड्या चिकटू नयेत म्हणून भावनाने छत्रीला टाल्कम पावडर लावायला सांगितलं. मग रॉकेटला न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास येऊ लागला.

“शिट्टीमुळे टोपी जड झालीय,” भावना म्हणाली. “इंजिन त्याच मापाचं, पण जास्त जोराचं लागेल. ते मी आणते. आधी एक परीक्षा घ्या. रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरा बांधायचा आणि डोक्याभोवती गरगरा फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर सरळ उडेल. शेपटी पुढे आली तर नाही.”

म्हणून त्या दिवशी दुपारी चार वाजता, सोसायटीच्या गच्चीवर, पदर खोचून, सत्तर वर्षांची संजीवनी डोक्यावर रॉकेट फिरवत होती. समोरच्या बिल्डिंगमधली बाई पापड वाळत घालायची थांबली. रॉकेट दोनदा गटांगळ्या खात फिरलं, मग वेग आला, नाक पुढे झालं आणि शिट्टी वाजायला लागली. गोल, गोल, जवळ येत, लांब जात.

हरिभाऊ पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. आवाजाबरोबर त्यांचा चेहरा फिरत होता, सूर्यफुलासारखा.

“थांबू का?” तिने धापा टाकत विचारलं.

“अजून एक फेरी,” हरिभाऊ म्हणाले.

तिने आणखी सात मारल्या.

*

जागा बनूबाईने दिली. बनूबाई कारखान्यात संजीवनीच्या शेजारच्या बाकावर बसायची. सोनिवलीला तिच्या घराण्याची जमीन होती. आता भोवती सगळीकडे टॉवर उठले होते, पण वाल काढून रिकामा झालेला एक तुकडा तिने पोरांशी भांडून राखला होता.

रविवारी सकाळी रिक्षातून उतरताना संजीवनीच्या एका हातात हरिभाऊंचं कोपर होतं आणि दुसऱ्या हातात लाल प्लास्टिकची बादली.

“आगो संजे, बादली कशाला घेऊन आलीस?” बनूबाई बांधावरूनच ओरडली. “माज्या घरात बादल्या नाय काय?”

“लाल आहे का तुझ्याकडे?”

बनूबाई एकदम हसली. “आधी बादली, मंग बोलनं! त्या बाईनी मेली जलमाची सवय लावली. पन तुजा रॉकेट माज्या पत्र्यावर पारू नको हां. नवे घातलेत.”

भावनाने शेताच्या मधोमध सळई रोवली, रॉकेट तिच्यावर ओवलं, इंजिनाला वायर जोडली. वायरचं दुसरं टोक वीस पावलांवर आणून बटण हरिभाऊंच्या हातात दिलं. संजीवनीने बनूबाईच्या नळावर बादली काठोकाठ भरली आणि शेजारी ठेवली. पाण्यात आभाळ हललं आणि स्थिर झालं.

“पाच, चार,” भावना मोजू लागली. बनूबाईने कानात बोटं घातली. “तीन, दोन, एक!”

हरिभाऊंनी बटण दाबलं.

फुस्स झालं. रॉकेटच्या बुडाशी धुराची एक बारीक रेघ निघाली आणि तिथेच घुटमळली.

संजीवनीने काही ठरवलं नाही. तिच्या हातांनी ठरवलं. बादली उचलून ती धुराच्या दिशेने चार पावलं गेलीसुद्धा. साडी भिजली, पाणी पायावर हिंदकळलं.

“काकू, थांबा! जवळ जाऊ नका!” भावना किंचाळली.

“संजीवनी.” हरिभाऊंचा आवाज चढला नव्हता. “ठेव ती खाली. या वेळी ठेव.”

ती थबकली. मागे आली. बादली ढेकळांवर टेकवली. धूर विरून गेला होता. भावना घड्याळ बघत म्हणत होती, एक मिनिट कोणी हलायचं नाही, काही झालं नाही, फक्त वायर जळाली, दुसरी लावते. संजीवनीला ते नीट ऐकू येत नव्हतं. तिच्या कानात दोनच शब्द राहिले होते. या वेळी.

तिने हरिभाऊंकडे पाहिलं. काळ्या चष्म्यात काहीच दिसलं नाही. बटणावर अंगठा ठेवून ते शांत उभे होते, पंप सुरू करण्याआधी उभे राहायचे तसे.

भावनाने वायर बदलली. पुन्हा पाचपासून आकडे उलटे आले.

या वेळी सूंऽऽ असा जोराचा फूत्कार झाला, सळईवरून काहीतरी निळं निसटलं आणि त्या पाठोपाठ शिट्टी. पत्र्याची, बारीक, सरळ शिट्टी आभाळात शिवण घातल्यासारखी वर गेली. बनूबाईची कोंबडी ओरडत पळाली. टॉवरवर काम करणारे मजूर कठड्याशी आले.

संजीवनीने मान वर केली आणि डोळ्यांत सूर्य शिरला. निळं रॉकेट, निळं आभाळ आणि मध्ये नुसता पांढरा लखलखाट.

“कुठं गेलं?” बनूबाई डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बघत होती. “दिसतंय का गो कोनाला?”

“मला नाही,” भावना म्हणाली. “सूर्यात गेलं.”

शिट्टी पातळ झाली. पातळ होत होत संपली. मग कुठेतरी वर ‘पट्’ असा एवढासा आवाज झाला.

“छत्री,” हरिभाऊ म्हणाले. त्यांनी काठी खाली टाकली होती आणि त्यांचा हात सरळ वर गेला होता. “त्या तिथं. टॉवरच्या उजवीकडे. वाऱ्याने थोडं इकडे येईल.”

तिघी बायका त्या बोटाच्या टोकावरून बघत राहिल्या. आणि तिथेच, लखलखाटाच्या कडेला, नारिंगी ठिपका उगवला.

“दिसलं!” संजीवनी म्हणाली. “अहो, दिसलं. येतंय. माझी साडी उघडलीय बघा पूर्ण. डुलतंय. नाक खाली आहे. जरा उजवीकडे गेलं. नाही, वळलं. येतंय, येतंय...”

ती बोलत राहिली. रॉकेट वालाच्या खुंटांवर हलकेच आपटून आडवं होईपर्यंत ती थांबली नाही. एवढं ती आयुष्यात कधी एका दमात बोलली नव्हती.

“येवरं वाजतं मेलं!” बनूबाईने कानातली बोटं आता काढली. “चला, चहा टाकते. त्या कोंबरीला पन शोदाला पायजे.”

भावनाने रॉकेट आणून हरिभाऊंच्या हातात दिलं. एक पंख मोडला होता. दुसरी शिट्टी कुठली बसवता येईल ते सांगत सांगत ती वायर गुंडाळायला गेली. हरिभाऊंनी पंखाची मोड चाचपली, निळ्या कागदाचा सांधा चाचपला, टोपीच्या भोकावर बोट ठेवलं. मग बुडातून जळकं इंजिन ओढून काढलं आणि मुठीत धरलं.

“गरम आहे अजून,” ते म्हणाले.

संजीवनीने काठी उचलली, त्यांना बांधावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. ओली साडी पायाला चिकटली होती.

“अहो, तेव्हा कौल गळलं नव्हतं.”

“हं.”

“मीच बुडवली होती. किर्तीच्या तोंडात होतं एक. मी घाबरले. आणि मग खरं सांगायला घाबरले.”

हरिभाऊंनी मूठ उघडली, इंजिन दुसऱ्या हातात घेतलं.

“तू पाळीला गेलीस तेव्हा बादली मोरीत तशीच होती,” ते म्हणाले. “तळाला काळा गाळ. परत आलीस तेव्हा पालथी घातलेली होती, स्वच्छ. कोणी विसळली, असं वाटलं तुला?”

संजीवनीने लाल बादलीकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांत हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. घरातली बादली स्वच्छ होती. घरातल्या बादल्या स्वच्छ असतातच.

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो. मग सवय झाली.” त्यांनी हाताला लागलेली काजळी अंगठ्याने चोळली. “आणि खरं सांगू? तेव्हा उडालं असतं तर मुकंच उडालं असतं.”

दुरून बनूबाई कोंबडीला बोलवत होती. संजीवनी उठली आणि बादलीचं पाणी ओतायला वाकली. साडीवर सांडूनही बादली पाऊण भरलेली होती.

“ओतू नको,” हरिभाऊ म्हणाले. “पाणी वर चढवायला काय लागतं ते मला विचार. बनूबाईच्या तुळशीला घालू.”

त्यांनी बादलीत हात बुडवून काळी बोटं धुतली, चाचपत तिचा पदर शोधला आणि त्याला पुसली. मग काठी आणि रॉकेट काखेत मारून कडीचं एक टोक धरलं. दुसरं तिने धरलं. ढेकळांमधून वाट काढत दोघं घराकडे निघाली. ती “खड्डा” म्हणायची, ते पाऊल लांब टाकायचे. बादली दोघांच्या मध्ये हलत होती आणि पाणी सांडत नव्हतं.